हाताच्या अंतरावरचा डेटा: एका वृक्षमोजणीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

एका संस्थेकडे जंगलातल्या झाडांच्या मोजणीचं काम होतं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. पाच-सहा जणांची तुकडी सकाळी निघायची, प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेला पट्टा. झाडाची जात, खोडाचा घेर, अंदाजे उंची, झाडाला ठोकलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा क्रमांक आणि दोन-तीन फोटो, एवढं फोनवरच्या अ‍ॅपमध्ये भरायचं. जंगलात नेटवर्क नाही. त्यामुळे संध्याकाळी सगळे मुक्कामावर जमले की प्रत्येकाने दिवसभराचा डेटा तुकडीप्रमुखाच्या फोनवर द्यायचा आणि प्रमुखाने काही दिवसांनी नेटवर्कमध्ये गेल्यावर तो सर्व्हरवर चढवायचा, अशी रचना होती.

या देण्याघेण्यासाठी अ‍ॅपमध्ये ‘जवळच्या फोनला पाठवा’ असं बटण होतं. आतून ते वायफाय डायरेक्ट वापरायचं. मध्ये राउटर नसताना दोन फोन वायफायवर थेट एकमेकांना जोडले जातात, ते हे तंत्र. वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१० मध्ये त्याची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली आणि हे प्रकरण घडलं त्या २०२३ पर्यंत ते बहुतेक सगळ्या अँड्रॉइड फोनमध्ये आलेलं होतं. निवड विचार करून केलेली होती. एका माणसाचा दिवसाचा डेटा शंभर-सव्वाशे एमबी. साध्या ब्लूटूथवर प्रत्यक्षात सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास वेग मिळतो असं धरलं, तर १२० एमबीला आठ मिनिटं लागतात. वायफायवर तेच काम काही सेकंदांत उरकतं. सहा जण रांगेत असतील तर हा फरक मोठा आहे.

तरीही तक्रारी येत होत्या. वापर-अनुभव तपासण्यासाठी मला बाहेरून बोलावलं गेलं.

सांगितलेली अडचण आणि दिसलेली अडचण

संस्थेची तक्रार एका ओळीची होती: डेटा पाठवायला फार वेळ लागतो, वेग वाढवा. अ‍ॅप बनवणाऱ्या गटाने ती तशीच उचलली होती. फोटो आणखी लहान करायचे, एकाच वेळी अनेक फाइली सोडायच्या, असे उपाय त्यांच्या यादीत तयार होते.

त्याच पत्रात खाली आणखी एक घटना नोंदवलेली होती आणि ती मला जास्त गंभीर वाटली. एका सर्वेक्षकाने स्क्रीनवर शंभर टक्के पाहिलं. फोनमधली जागा संपत आली होती, म्हणून त्याने आपल्याकडचा डेटा पुसून टाकला. पुढे सर्व्हरवर चढवायची वेळ आली तेव्हा कळलं की प्रमुखाच्या फोनवर त्या दिवसाचे अर्धेच फोटो आहेत. तो सगळा पट्टा पुन्हा चालावा लागला. त्यानंतर बटणावरचा विश्वास उडाला आणि तुकड्यांनी आपापले मार्ग काढले. कुणी फोनमधलं मेमरी कार्ड काढून देऊ लागलं. कुणी नेटवर्क मिळेपर्यंत थांबून फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवू लागलं. तिथे फोटो आपोआप दाबले जातात आणि बिल्ल्यावरचा आकडा वाचता येईनासा होतो. म्हणजे फोटो पोहोचला तरी कामाचा उरत नाही.

मी एका तुकडीबरोबर संध्याकाळी बसून हे देणंघेणं पाहिलं. एक सर्वेक्षक आणि तिची तुकडीप्रमुख समोरासमोर बसल्या होत्या, दोघींच्या गुडघ्यांत फूटभर अंतर. सर्वेक्षकाने ‘पाठवा’ दाबलं. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं आणि खाली ‘शोधत आहे’. प्रमुखही आपल्या फोनवर त्याच पानावर गेली, कारण घेण्यासाठी वेगळं पान नव्हतंच. आता दोन्ही फोन शोधत होते.

“ताई, तुमचं नाव काय आहे यात?”

“माझंच नाव असेल ना?”

“इथे तिन्ही सारखेच दिसतायत.”

यादीत तीन ओळी होत्या. तिन्ही ‘अँड्रॉइड’ने सुरू होणाऱ्या आणि पुढे चार अक्षरांचा अर्थहीन तुकडा. वायफाय डायरेक्टमध्ये मालकाने बदललं नसेल तर फोनचं नाव असंच असतं, आणि ते नाव बदलायची सेटिंग कुठे असते हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. सर्वेक्षकाने अंदाजाने एक ओळ निवडली. पलीकडे चुलीपाशी बसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जोडणीची विनंती उमटली. त्याचं लक्ष नव्हतं आणि थोड्या वेळाने ती विनंती आपोआप गेली. इकडे नुसतंच फिरत राहिलं. मग प्रमुखाने आपला फोन उलटा धरून सर्वेक्षकाच्या फोनशेजारी आणला आणि दोघी दोन स्क्रीन एकत्र वाचू लागल्या. चौथ्या का पाचव्या खटपटीला जोडणी झाली आणि डेटा खरोखर काही सेकंदांत गेला.

दोन स्क्रीन शेजारी आणण्याची ती हालचाल मला नंतर प्रत्येक जोडीत दिसली. पाठवणारीला समोरच्या स्क्रीनवर काय चाललंय ते हवं होतं, आणि अ‍ॅप ते सांगत नव्हतं म्हणून ती मान वाकवून पाहत होती. वेग ही अडचण नव्हतीच. वेळ जात होता तो पहिला बाइट निघण्याच्या आधी आणि शेवटचा बाइट निघाल्याच्या नंतर. अ‍ॅप एका माणसासाठी, पाठवणाऱ्यासाठी, रचलेलं होतं आणि काम मात्र दोघांनी मिळून करायचं होतं.

अडचणीचे थर

खाली उतरून पाहिल्यावर कारणं एकात एक अडकलेली निघाली.

पहिलं परवानगीचं. अँड्रॉइडमध्ये आसपासची उपकरणं वायफायने शोधायची तर १२ व्या आवृत्तीपर्यंत अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागायची. २०२२ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत त्यासाठी वेगळी परवानगी दिली गेली. ब्लूटूथसाठी हीच सुटका एक वर्ष आधी, १२ व्या आवृत्तीत झाली होती. मूळ नियमामागे तर्क आहे: आसपास कोणते वायफाय आणि ब्लूटूथ दिसतात त्यावरून माणूस कुठे आहे हे काढता येतं. पण हा तर्क वापरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की फाइल पाठवायची आहे आणि फोन विचारतोय, तुमचं ठिकाण देऊ का. एक सर्वेक्षक मला म्हणाला, “फोटो शेजारच्याला द्यायचाय, मी कुठे आहे ते यांना कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याने ‘नको’ म्हटलं, आणि शहाण्या माणसाने तेच म्हणावं.

त्यापुढचा सापळा जास्त वाईट होता. अँड्रॉइड ११ पासून एखादी परवानगी दोनदा नाकारली की तिसऱ्यांदा ती खिडकी उघडतच नाही. अ‍ॅप मागत राहतं, फोन परस्पर नकार देतो, आणि माणसाला काहीच दिसत नाही. या अ‍ॅपमध्ये अशा वेळी ‘शोधत आहे’ हाच संदेश कायम राहायचा. परवानगी दिलेली असूनही वरच्या पट्टीतून लोकेशन बंद केलेलं असेल तरी तीच गत. आणि जंगलात बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवणं ही तर सवयच. म्हणजे ‘समोर फोन नाही’, ‘शोधायची परवानगी नाही’ आणि ‘लोकेशन बंद आहे’ या तीन वेगळ्या स्थितींना स्क्रीनवर एकच चेहरा होता. ‘सापडत नाहीये’ या तक्रारींतला मोठा भाग इथून येत होता असं माझं मत झालं.

दुसरं स्क्रीन बंद होण्याचं. जाईल सावकाश म्हणून माणूस फोन खाली ठेवायचा, स्क्रीन विझायची, आणि बॅटरी जपणारे काही फोन मागे चालू असलेलं अ‍ॅप थांबवायचे. अर्धे फोटो पोहोचण्याची घटना बहुधा अशीच घडली असावी.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, शंभर टक्क्यांचं. पाठवणाऱ्या फोनवरचा आकडा त्या फोनने किती बाइट पुढे ढकलले ते मोजत होता. समोरच्या फोनला ते मिळाले का, त्याने ते नीट साठवले का, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नव्हता. हातातली भरलेली कळशी दुसऱ्याला देताना समोरच्याची पकड बसल्याचं जाणवल्याशिवाय आपण बोटं सैल करत नाही. अ‍ॅप मात्र कळशी पुढे केली की दिली असं धरत होतं, आणि तेवढ्या भरवशावर माणसं डेटा पुसत होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: स्वतःची सोय काढून टाकायची आणि फोनची स्वतःची सोय वापरायला सांगायची. गुगलने २०२० मध्ये निअरबाय शेअर आणलं होतं, जे २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या सोयीशी जोडून क्विक शेअर या नावाने एक झालं. अ‍ॅपलकडे एअरड्रॉप २०११ पासून मॅकवर आणि २०१३ पासून आयफोनवर. या सोयींवर मोठमोठ्या गटांनी वर्षानुवर्षं काम केलंय, त्या वेगवान आहेत आणि पुष्कळांच्या ओळखीच्याही. मला हा पर्याय सुरुवातीला बराच पटत होता. दोन गोष्टींवर तो अडला. तेव्हा या दोन जगांमध्ये काही जात-येत नव्हतं आणि तुकड्यांमध्ये थोडे आयफोन होते. आणि अशा सोयीकडे फाइल सोपवली की पुढे ती पोहोचली का हे आपल्या अ‍ॅपला खात्रीने कळत नाही. फाइल समोरच्याच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडते आणि तिथून ती अ‍ॅपमध्ये ओढायची पायरी वेगळी. ज्या ठिकाणी डेटा हरवत होता, नेमका तोच भाग आपल्या हाताबाहेर गेला असता.

साधं ब्लूटूथ वेगामुळे मागे पडलं. शिवाय आयफोन इतर फोनांशी ब्लूटूथवरून अशा फाइली देत-घेत नाही, त्यामुळे तोही प्रश्न सुटत नव्हता.

फोनला फोन टेकवून देण्याची कल्पना गटातल्या एकाने मांडली आणि ती मला मनापासून आवडली. टेकवणं ही दोघांनी एकाच क्षणी करायची कृती आहे, त्यात ‘कुणाला’ हा प्रश्नच उरत नाही. अँड्रॉइड बीम २०११ मध्ये एनएफसीच्या, म्हणजे अगदी जवळ आणलेल्या दोन उपकरणांमधल्या बिनतारी जोडणीच्या, आधारे हेच करायचं; अँड्रॉइड १० मध्ये गुगलने ते मोडीत काढलं. बीमची सोय गेली तरी एनएफसी फोनमध्ये असतं, आणि जोडणी सुरू करण्यापुरतं ते वापरता आलं असतं. पण तुकड्यांकडचे बरेच फोन स्वस्तातले होते आणि त्यांत एनएफसीच नव्हतं.

प्रमुखाच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करायचा आणि बाकीच्यांनी त्याला जोडायचं, या पर्यायावर बराच वेळ गेला. तो वेगवान आहे आणि आयफोनलाही चालतो. अडचण अशी की ज्या वायफायवर इंटरनेट नाही त्यावर फोनचा भरवसा बसत नाही. काही फोन ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का’ असं विचारतात, काही मुकाट्याने मोबाइल डेटाकडे वळतात. जंगलात मोबाइल डेटाही नाही, त्यामुळे हे फोन जोडत आणि सोडत राहायचे. चाचणीत एकाच प्रकारच्या दोन फोनांनी दोन तऱ्हा दाखवल्या. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाच्या माथी हे मारणं बरोबर वाटलं नाही.

शेवटचा पर्याय होता गुगलची निअरबाय कनेक्शन्स ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. अ‍ॅप बनवणारे ती आपल्या अ‍ॅपमध्ये बसवू शकतात. जोडणी आधी ब्लूटूथसारख्या हळू पण सहज सापडणाऱ्या मार्गाने होते आणि जमलं की लायब्ररी आपणहून वायफायवर सरकते. इंटरनेट लागत नाही. जोडणी पूर्ण व्हायच्या आधी ती दोन्ही फोनांना एकच छोटा आकडी संकेत देते, तो दोघांनी ताडून पाहायचा. या शेवटच्या गोष्टीने माझं मत वळवलं. दोन माणसं समोरासमोर आहेत हे ज्याने लक्षात घेतलंय असा हा एकच तांत्रिक पर्याय होता.

निर्णय आणि त्यामागची ओढाताण

लायब्ररी निवडण्यावर पटकन एकमत झालं. खरे वाद पुढे झाले.

कोण शोधणार? जुन्या रचनेत सगळे सगळ्यांना शोधायचे. नव्या रचनेत भूमिका वेगळ्या केल्या. प्रमुखाच्या फोनवर ‘आजचा डेटा घ्या’ आणि बाकीच्यांकडे ‘आजचा डेटा द्या’. घेणाऱ्याची स्क्रीन उघडली की मोठा क्यूआर कोड येतो आणि देणारा तो कॅमेऱ्याने टिपतो. कोणत्या फोनला जोडायचं ते त्या कोडमध्येच असतं, त्यामुळे यादी नाही, निवड नाही, चुलीपाशी बसलेल्याच्या फोनवर चुकून विनंती जाणं नाही. टेकवण्यात जे आवडलं होतं ते बरंचसं इथे मिळालं: दोघांना फोन एकमेकांसमोर धरावेच लागतात. अंधाराची शंका निघाली, पण कोड उजळलेल्या स्क्रीनवर असल्याने तो रात्रीही टिपता येतो. पडून पडून काहींच्या कॅमेऱ्याची काच फुटलेली होती, त्यांच्यासाठी कोडखाली चार आकडे ठेवले.

नाव काय दिसावं? सर्वेक्षकांना माणसाचं नाव हवं होतं, आणि ते स्वाभाविक होतं. गटातले काही जण म्हणाले, मग फोन नावानिशीच आपली हाक देऊ दे. मी त्याला विरोध केला. अशी हाक त्या टापूतल्या कोणत्याही फोनला ऐकू येते. जर्मनीतल्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं होतं की एअरड्रॉप ओळख पटवताना फोन क्रमांकाचं जे गुंतवलेलं रूप पाठवतो, त्यातून मूळ क्रमांक काढता येतो. एवढ्या मोठ्या कंपनीच्या सोयीत हे राहून जातं, तर आपण नावं उघड्यावर टाकू नयेत. तोडगा असा निघाला की जोडणीपर्यंत फक्त त्या संध्याकाळपुरता बनवलेला संकेत बाहेर जाईल आणि सुरक्षित जोडणी झाल्यावर दोन्ही स्क्रीनवर माणसांची नावं येतील: ‘तुम्ही अमुक यांना देत आहात’, ‘अमुक तुम्हाला देत आहेत’.

दर वेळी ‘स्वीकारू का’ विचारायचं का? संध्याकाळी सहा जणांकडून घेणारा प्रमुख तिसऱ्या वेळेपासून न वाचताच ‘हो’ दाबतो, हे डोळ्यांनी पाहिलं होतं. न वाचता दिलेल्या होकाराला अर्थ नसतो. दुसऱ्या टोकाला, कायम सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं की काय होतं हे एअरड्रॉपच्या इतिहासात दिसतं. अनोळखी माणसांकडून नको ती चित्रं येण्याचे प्रकार घडले आणि २०२२ च्या अखेरीस अ‍ॅपलने ‘सर्वांकडून’ ही मुभा जगभर १० मिनिटांपुरती केली. आम्ही मधला मार्ग घेतला. प्रमुख घेण्याची स्क्रीन स्वतः उघडतो, तोच त्याचा होकार. समोर येऊन कोड टिपणाऱ्यालाच जोडता येतं आणि अर्ध्या तासाने ती स्क्रीन आपोआप मिटते.

परवानगीचं काम सगळ्यात कंटाळवाणं होतं आणि फायदा त्याचाच मोठा झाला. ‘शोधत आहे’ हा शब्दप्रयोग अ‍ॅपमधून काढून टाकला. आता देण्याघेण्याआधी अ‍ॅप स्वतः तपासतं: परवानगी आहे का, ती कायमची नाकारली गेलीय का, लोकेशन चालू आहे का, ब्लूटूथ आणि वायफाय चालू आहेत का. जे अडलंय तेवढंच एका वाक्यात सांगतं आणि नेमक्या त्याच सेटिंगवर नेऊन सोडतं. जुन्या अँड्रॉइडवर परवानगीच्या खिडकीआधी एक छोटं पान येतं: जवळचा फोन शोधण्यासाठी अँड्रॉइड ही परवानगी मागतं, पाठवताना तुमचं ठिकाण नोंदवलं जात नाही. हे वाक्य लिहिण्याआधी गटाकडून खातरजमा करून घेतली की खरोखरच तसं होत नाही. झाडाची जागा नोंदवताना अ‍ॅप लोकेशन वापरतंच, त्यामुळे ‘पाठवताना’ हा शब्द गाळून चालणार नव्हता.

आणि शंभर टक्के. आता घेणारा फोन प्रत्येक फाइल साठवून, ती जशीच्या तशी आली का हे बेरीज-तपासणीचा आकडा जुळवून पाहून पोच देतो, आणि देणाऱ्याच्या स्क्रीनवरची पट्टी त्या पोचेवर सरकते. शेवटी दोन्ही स्क्रीनवर एकच वाक्य येतं: ‘४२ झाडं, ११८ फोटो पोहोचले.’ एकच वाक्य दोन्हीकडे असावं यासाठी मी हट्ट धरला. दोघांना ते एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवता आलं पाहिजे. जोडणी मध्येच तुटली तर राहिलेल्या फाइलींपासून पुढे सुरू होतं, पहिल्यापासून नाही. देणंघेणं चालू असताना स्क्रीन जागी राहते, आणि फोन खिशात गेलाच तर वर नोटिफिकेशन ठेवून काम चालू राहतं.

पुसण्यावरून सर्वांत लांबलेली चर्चा झाली. गटाचं म्हणणं, पोच मिळाली की पुसायला हरकत नाही. संस्थेचं म्हणणं, सर्व्हरवर जाईपर्यंत कुणीच काही पुसू नये. संस्थेचं धोरण सुरक्षित होतं, पण ज्याच्या फोनमध्ये जागाच उरली नाही त्याने दुसऱ्या दिवशी फोटो कसे काढायचे? शेवटी डेटा दोन फोनांवर राहील हा मूळ नियम ठरला. जागा फारच कमी झाली तर सर्वांत जुन्या दिवसाचे, पोच मिळालेले फोटो पुसायची मुभा, आणि तेव्हा स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेलं की आता ही प्रत फक्त प्रमुखाच्या फोनवर आहे.

परिणाम

पुढच्या मोसमात डेटा हरवल्याची तक्रार संस्थेकडे आली नाही. मेमरी कार्ड काढून देणं बंद झालं. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पाठवणं आयफोनवाल्यांपुरतं उरलं. मला सर्वांत बोलकी खूण वाटली ती दोन स्क्रीन शेजारी आणून वाचण्याची. ती हालचाल जवळजवळ थांबली आणि तिच्या जागी माणसं आकडे बोलून ताडू लागली. “एकशे अठरा?” “एकशे अठरा.” एवढ्यावर माणूस उठतो आणि पुढचा बसतो.

सगळंच सुधारलं असं नाही. फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असलेले जुने फोन हळू आहेत आणि हळूच राहणार. कधीकधी लायब्ररीला ब्लूटूथवरून वायफायवर सरकता येत नाही आणि तेव्हा सहा-आठ मिनिटं थांबावं लागतं. अशा वेळी निदान स्क्रीनवर ‘हळू मार्गाने जात आहे, साधारण सात मिनिटं’ असं खरं कारण आणि अंदाज येतो. लोकांनी त्यावर फारशी कुरकुर केली नाही. सात मिनिटं लागणार हे आधी कळलं तर माणूस फोन तिथेच ठेवून हातपाय धुऊन येतो.

एक नवा भार मात्र तयार झाला. प्रमुखाचा फोन आता सगळ्या तुकडीचं कोठार झाला, त्याची जागा आणि बॅटरी दोन्ही आधी संपू लागली. एका प्रमुखाने घेण्यासाठी जुना, रिकामा फोन वेगळा ठेवला. ही युक्ती पुढे सगळ्या तुकड्यांना सांगितली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणीची पद्धत आधी बदलायला हवी होती. मूळ अ‍ॅपची चाचणी एकाच माणसाने टेबलावर दोन फोन ठेवून केलेली होती, दोन्ही फोनांवर सगळ्या परवानग्या आधीच दिलेल्या. अशा चाचणीत ‘कुणाला’ हा प्रश्न उठतच नाही, कारण दोन्ही हात एकाच माणसाचे. जवळच्या फोनांमधल्या देण्याघेण्याची चाचणी दोन वेगळ्या माणसांनी, नव्याने अ‍ॅप टाकलेल्या फोनांवर आणि आसपास इतरही फोन चालू असताना करायला हवी. घड्याळ सुरू करायचं ते एकाने ‘देतो’ म्हटल्यापासून आणि थांबवायचं दुसऱ्याने ‘आलं’ म्हटल्यावर. हे माप सुरुवातीपासून असतं तर ‘वेग वाढवा’ ही मागणी गटाच्या यादीत शिरलीच नसती.

डेटा कधी पुसायचा हा प्रश्न आम्ही शेवटी घेतला. तो पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता. नुकसान पाठवण्यात झालं नव्हतं, पाठवलं असं समजून पुसण्यात झालं होतं. पुसण्याचं बटण पोचेशी बांधण्याचा बदल छोटा होता. बाकी सगळं तयार होण्याची वाट न पाहता तो आधी पोहोचवता आला असता. तो वेळेत झाला नाही म्हणून तुकड्या मधला सगळा काळ धोक्यातच काम करत राहिल्या.

आयफोनबद्दलचा निर्णय मला आजही खटकतो. नव्या रचनेत ते घेतलेच नव्हते; थोडेच आहेत, त्यांनी नेटवर्क मिळाल्यावर थेट सर्व्हरवर चढवावं, असं ठरलं. खर्चाच्या बाजूने ते समजण्यासारखं होतं. पण तुकडीत एकाचाच डेटा रोज संध्याकाळी दुसऱ्या फोनवर जात नाही, म्हणजे त्याचा फोन ओढ्यात पडला तर फक्त त्याचेच दिवस जातात. थोड्यांसाठी का होईना, हॉटस्पॉटचा लहरी मार्ग राखायला हवा होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल १० फोनांवर क्विक शेअर एअरड्रॉपशी जोडलं; त्यासाठी समोरच्याला १० मिनिटांची ‘सर्वांकडून’ ही मुभा चालू करावी लागते. संस्थेने लगेच विचारलं की आता तेच वापरू या का. फाइल एका जगातून दुसऱ्यात जाण्याचा प्रश्न त्याने हळूहळू सुटेल, पण किती झाडं आणि किती फोटो समोर साठवले गेले हे अ‍ॅपला कळण्याचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून सध्या ठरलंय ते असं: आयफोनवाल्यांसाठी या मार्गाची चाचणी घ्यायची, घेणाऱ्या अ‍ॅपने फाइल उघडून मोजणी करायची आणि पोचेचा क्यूआर कोड उलट दिशेने दाखवायचा, म्हणजे देणाऱ्याला तो टिपून खात्री करता येईल. गट त्यावर काम करतोय.